नुरा कुस्तीचे खरे शौकीन

१९९६ साली ‘खिलाडियों का खिलाडी’ लागला आणि आमच्या गल्लीत उभे दोन तट पडले. पिक्चरमध्ये अक्षय कुमार टीव्हीवरच्या कुस्तीतल्या अंडरटेकरशी भिडतो आणि त्याला हरवतो. एका तटाचं म्हणणं, तो खराखुरा अंडरटेकर. दुसऱ्याचं म्हणणं, खरा असता तर अक्षय कुमारचा पुढचा पिक्चर आलाच नसता. हा वाद शाळेच्या पाण्याच्या टाकीपाशी, गणपतीच्या मांडवात, कुठंही पेटायचा. निकाल लागायला घरात इंटरनेट यावं लागलं. पडद्यावरचा पैलवान होता ब्रायन ली. गंमत अशी की ऑगस्ट १९९४ मध्ये शिकागोत डब्ल्यूडब्ल्यूएफ या कुस्तीच्या कंपनीनं अंडरटेकर विरुद्ध अंडरटेकर अशी एक जोड लावली होती, तीत तोतया म्हणून उतरवलेला गडीही हाच. म्हणजे आपल्या अक्षय कुमारनं लोळवलेला अंडरटेकर खोटा होता खरा, पण कंपनीचा अधिकृत खोटा. दोन्ही तट थोडे थोडे बरोबर निघाले.

गेम, पिक्चर आणि कुस्ती यांवर उठसूट मतं देणाऱ्या पोराला घरोघर एकच प्रश्न ऐकावा लागतो: त्यातनं मार्क मिळणार आहेत का? मार्क मिळत नाहीत, कबूल. पण गेल्या सव्वाशे वर्षांचा हिशेब मांडला, तर या धंद्यांची दिशा पंचांनी आणि समीक्षकांनी फार क्वचित ठरवली. ती ठरवली कट्ट्यावरच्या या फुकटच्या मतांनी, असं माझं म्हणणं आहे. आणि हे सगळ्यात आधी घडलं कुस्तीत.

आमच्या कोल्हापुरात अशा मत देणाऱ्याला मानाचा शब्द आहे, कुस्तीशौकीन. फॅन म्हटलं की चाहता डोळ्यापुढं येतो. शौकीन हा निम्मा चाहता आणि निम्मा पंच असतो. शाहू महाराजांनी युरोपच्या दौऱ्यात रोमचं जुनं प्रेक्षागार पाहिलं आणि १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं. मधे हौद, भोवती चढत गेलेली बैठक, नजरेच्या आड येणारा एकही खांब नाही. कुठंही बसा, डाव दिसतो. डाव दिसला की मत येतं आणि मत आलं की ते मोठ्यानं बोललं जातं. ‘पट काढ’, ‘घिस्सा मार’, ‘अरे झोपलास काय’ या आरोळ्या हलगीइतक्याच कुस्तीचा भाग आहेत. आणि पैलवान आधीच ठरवून खेळतायत असा वास आला, तर त्यालाही आपल्याकडे शब्द आहे: नुरा कुस्ती. आज तो वर्तमानपत्रांत राजकारण्यांसाठीच जास्त वापरला जातो, पण शौकिनाच्या तोंडी तो शिवीसारखा यायचा.

माझे आजोबा, आण्णा, असे शौकीन. स्वतः थोडं खेळले, बघितलं मात्र उदंड. केबल आल्यावर मी डब्ल्यूडब्ल्यूएफ लावायचो तेव्हा तेही पानाची चंची घेऊन पुढ्यात बसायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “दोरीवर ढकलला तर त्यो परत पळत कशाला येतोय?” मला उत्तर सुचलं नाही. “नुरा हाय ही,” त्यांनी निकाल दिला. “मग बघताय कशाला, आण्णा?” “तू गप. त्यो काळा डगलेवाला काय करतोय बघू दे जरा.” डगलेवाला म्हणजे अंडरटेकर.

नुरा आहे हे कळूनही माणूस का बघत बसतो, याचं उत्तर मला पुढं एका पोलिश पैलवानाच्या चरित्रात सापडलं. स्टॅनिस्लॉस झबिस्को. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये त्याची कुस्ती आपल्या गामाशी लागली. गामानं सुरुवातीलाच त्याला खाली घेतलं आणि त्यानंतर झबिस्को गादीला जो चिकटला तो चिकटलाच. अडीच तासांच्या वर हा प्रकार चालला. गामा वर, झबिस्को पालथा, निकाल नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा कुस्ती ठरली, तर झबिस्को मैदानात फिरकलाच नाही आणि पट्टा गामाला मिळाला. कुस्ती शंभर टक्के खरी होती. तिकीट काढून आलेल्या लंडनकरानं घरी जाऊन बायकोला काय सांगितलं असेल? पालथा पडलेला माणूस बघून आलो.

हे एकदाच झालं असंही नाही. १९१६ साली अमेरिकेत ओमाहाला जो स्टेचर आणि एड लुईस हे दोन नामांकित मल्ल जवळपास पाच तास एकमेकांना धरून राहिले आणि कुस्ती बरोबरीत सुटली. बरोबरीत सुटलेली कुस्ती म्हणजे काय ते कोल्हापूरकराला सांगायला नको. लोक वैतागतात, आयोजकांचा उद्धार करतात, पुढच्या वेळी येत नाहीत. १९२०च्या दशकात याच लुईसनं, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि टूट्स माँट यांनी मिळून त्यावर उपाय काढला. वेळेची मर्यादा, नजरेत भरणारे डाव, गावोगाव फिरणारा पैलवानांचा ताफा आणि आधीच ठरलेला निकाल. खोटी कुस्ती लबाडांनी लादली असं आपण समजतो. ती मागवली होती कंटाळलेल्या शौकिनानं.

आता झबिस्कोचा दुसरा अंक. या त्रिकूटानं वेन मन नावाच्या आडदांड फुटबॉलपटूला विजेता करून ठेवलं होतं. कुस्ती त्याला बेताचीच यायची. एप्रिल १९२५ मध्ये फिलाडेल्फियात झबिस्कोनं त्याच्याकडून हरायचं असं ठरलं होतं. पण प्रतिस्पर्धी आयोजकांनी झबिस्कोला आतून फोडला होता. रिंगणात उतरल्यावर त्यानं खरीच कुस्ती केली आणि मनला खरोखरच लोळवलं. लंडनमध्ये खऱ्या कुस्तीचा विचका करणाऱ्यानं फिलाडेल्फियात खोट्या कुस्तीचाही विचका केला! जानेवारी १९२८ मध्ये तो पतियाळाला आला, गामापुढं पुन्हा उभा राहिला आणि मिनिटभरही टिकला नाही. आणि तिसरा अंक पडद्यावर: १९५० सालच्या ‘नाइट अँड द सिटी’ या पिक्चरमध्ये सत्तरीचा झबिस्को एका म्हाताऱ्या पैलवानाच्या भूमिकेत आहे. खऱ्या कुस्तीसाठी जीव टाकणारा आणि तमाशाछाप कुस्तीवर थुंकणारा ग्रेगोरियस. काम इतकं अस्सल आहे की त्याची सगळी पापं माफ करावीशी वाटतात. ज्यांना कुस्ती आणि सिनेमा ही दोन दुकानं वाटतात त्यांनी एवढं एक चरित्र बघावं.

फ्रान्सच्या रोलाँ बार्थ या विचारवंतानं १९५७ साली निघालेल्या ‘मिथॉलॉजीज’ या पुस्तकात या तमाशाछाप कुस्तीवर गंभीर निबंध लिहिला. प्रेक्षकाला स्पर्धा नकोच असते, त्याला पाप, यातना आणि न्याय डोळ्यांनी दिसायला हवे असतात, असा त्याचा एकूण रोख. निबंध फार सुंदर आहे. पण बार्थचा प्रेक्षक नुसता बघतो. आमचा बोलतो.

आपल्याकडे कुस्ती आणि सिनेमाचा सांधा दारासिंगांनी जोडला. किंगकाँग नावाच्या धिप्पाड युरोपियन पैलवानाशी झालेल्या त्यांच्या लढतींनी लोकांना वेड लावलं. १९६२ साली ‘किंगकाँग’ नावाच्याच पिक्चरचे ते नायक झाले, १९६३ मध्ये मुमताजबरोबर ‘फौलाद’ आला, १९६८ साली त्यांनी मुंबईत लू थेझला हरवलं आणि १९८७ पासून रामानंद सागर यांच्या ‘रामायणा’त ते हनुमान झाले. या सगळ्यात खरं किती आणि रचलेलं किती यावर आण्णांची पिढी तासन्‌तास बोलायची. हनुमानाच्या भूमिकेवर मात्र दुमत नव्हतं.

अमेरिकेत निकाल आधीच ठरलेला असतो हे गुपित फार निष्ठेनं पाळलं जाई. डिसेंबर १९८४ मध्ये एका टीव्ही पत्रकारानं डेव्हिड शुल्ट्झ या पैलवानाला ‘हे सगळं खोटं आहे’ असं तोंडावर म्हटलं, तर त्यानं पत्रकाराच्या कानाखाली जाळ काढला. पाच वर्षांच्या आतच, १९८९ मध्ये, विन्स मॅकमहनच्या डब्ल्यूडब्ल्यूएफ कंपनीनं न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढं स्वतःच कबूल केलं की ही स्पर्धा नाही, करमणूक आहे. सत्याची उपरती वगैरे काही नव्हती. खेळ म्हटलं की सरकारी नियम आणि कर लागत होते. आम्हाला याचा पत्ताच नव्हता. न्यू जर्सीत झाकण उघडल्यावर काही वर्षांनी आम्ही इकडं ट्रम्प कार्डांवर भांडत होतो.

ती कार्डं आठवा. रँक, उंची, वजन, छाती, बायसेप्स, किती लढती लढल्या, किती जिंकल्या. आकडे कुठून यायचे ते छापणाऱ्यालाच ठाऊक. पण त्या आकड्यांवरून दहा वर्षांची पोरं जो युक्तिवाद करायची, तो वकिलानं ऐकावा असा. मग गेम आले. २००० साली प्लेस्टेशनवर ‘स्मॅकडाऊन २’ आला, तो आम्ही तासाला दहा रुपये देऊन पार्लरमध्ये खेळायचो. त्यात आपला पैलवान बनवता यायचा. आमच्या टोळीनं लाल लंगोटवाला एक गडी बनवून त्याला अंडरटेकरवर घातला होता. तेव्हा लक्षात आलं नाही, आज येतं: टीव्हीवरच्या कुस्तीचा निकाल ठरलेला असायचा, पण गेममधली कुस्ती निकाली होती. ज्याची बोटं चालतील तो जिंकणार. नुरा कुस्तीचा गेम काढला आणि पाऊणशे वर्षांपूर्वी हरवलेली खरी चुरस मागच्या दारानं आत आली. अमका तमक्याला हरवेल का, या प्रश्नाला प्रथमच हातात धरता येणारं उत्तर मिळालं आणि प्रत्येक पार्लरमध्ये ते वेगळं निघालं.

शौकिनाचं मत थेट रिंगणात उतरल्याचं सर्वांत देखणं उदाहरण १७ मार्च २००२ चं, टोरोंटोचं. हल्क होगन खलनायक, रॉक नायक, असं कंपनीनं ठरवलेलं. लोकांनी होगनला डोक्यावर घेतलं आणि रॉकची हुर्यो उडवली. दोघंही कसलेले, लढता लढता त्यांनी आपल्या भूमिका फिरवल्या. जिंकला ठरल्याप्रमाणे रॉकच, पण त्या रात्रीनंतर होगनला नायक करण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. २०१४ मध्ये तर लोकांनी महिनोन्‌महिने ओरडून डॅनियल ब्रायन या लहानखुऱ्या मल्लाला रेसलमेनिया या कंपनीच्या वार्षिक मैदानाच्या शेवटच्या लढतीत बसवायला लावलं आणि तो जिंकलाही. त्याच रात्री, ६ एप्रिलला, एकवीस रेसलमेनिया न हरलेल्या अंडरटेकरला ब्रॉक लेसनरनं हरवलं. हे कुणी मागितलं नव्हतं. गंमत म्हणजे काही महिने आधी निघालेल्या गेममध्ये तो विक्रम मोडण्याचा एक वेगळा विभागच होता आणि जगभरच्या पोरांनी अंडरटेकरला घरबसल्या शेकडो वेळा हरवून टाकलं होतं. तरीही त्या रात्री लोकांची तोंडं उघडी ती उघडीच राहिली.

इथंच माझं आजच्या शौकिनांशी थोडं वाकडं आहे. २०१२ मध्ये ‘मास इफेक्ट ३’ या गेमचा शेवट आवडला नाही म्हणून खेळाडूंनी रान उठवलं आणि कंपनीला शेवट वाढवून द्यावा लागला. २०१९ मध्ये गेमवरून काढलेल्या पिक्चरच्या ट्रेलरमधले सॉनिकचे दात बघून लोक किंचाळले. पात्र पुन्हा रेखाटलं गेलं आणि पिक्चर २०२० वर गेला. सॉनिकच्या बाबतीत लोक बरोबर होते, ते दात भयंकरच होते. पण मत वेगळं आणि मागणी वेगळी. संगीत नाटकाच्या काळात ‘वन्स मोअर’नं बालगंधर्वांचं नाटक पहाटेपर्यंत लांबायचं, तीही मागणीच. पण ती गायकाच्या तोंडावर, त्याच क्षणी असायची आणि त्याची ताकद संपलेली दिसली की थांबायची. संघटित मोहिमेला समोरच्याचा दम दिसत नाही. आण्णांसारखा माणूस ‘नुरा हाय’ म्हणून पुन्हा चंची उघडायचा. त्याला काही बदलून नको होतं. म्हणूनच त्याचं मत ऐकण्यासारखं असायचं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत गादी विभागाच्या अंतिम कुस्तीत पंचांच्या निकालावरून वाद झाला. शिवराज राक्षेनं रागाच्या भरात पंचाला लाथ मारली आणि त्याच्यावर बंदी आली. लाथेचं समर्थन होऊ शकत नाही. पण त्यानंतर आठवडाभर चहाच्या टपऱ्यांवर तो व्हिडिओ थांबवून थांबवून, दोन बोटांनी मोठा करून, पाठ टेकली की नाही याची जी चिकित्सा चालली, ती ऐकताना मला खासबागेची बैठक मोबाइलमध्ये शिरल्यासारखी वाटली.

आण्णांबरोबर पाहिलेली एक लढत मी अजून विसरलेलो नाही. २८ जून १९९८, पिट्सबर्ग. आमच्याकडं ती नंतर दिसली. सोळा फूट उंच लोखंडी पिंजऱ्याच्या छतावरून अंडरटेकरनं मॅनकाइंडला, म्हणजे मिक फोलीला, खाली फेकला. तो समालोचकांच्या टेबलावर कोसळला आणि टेबलाचे तुकडे झाले. मी ओरडत उड्या मारत होतो. आण्णांनी पान खाणं थांबवलं होतं. ज्या हौदात ते वाढले तिथल्या मातीत ताक, हळद, तेल आणि लिंबू घालून ती अशी मळतात की पडणाऱ्याला झेलून घ्यावं.

“खाली माती तरी हाय का रं?” त्यांनी विचारलं.

नाही म्हणालो. त्यांनी चंची बांधली आणि ते झोपायला निघून गेले.