झीलकऱ्याचा आवाज फुकट नाही



यात्रांचा हंगाम आला की नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे कारभारी सुपारी ठरवायला तिकडं जातात आणि पारावर दरवर्षीचाच विषय निघतो, "बजेट कमी आहे, कुठं कापायचं?" आता त्यात एक नवा शहाणपणा शिरलाय. मागं झील धरणारी तीन-चार माणसं कशाला पाहिजेत? एक गायक घ्या, एक लॅपटॉप घ्या. कोरस सॉफ्टवेअर देतंय!

या शहाणपणावरच लिहायचंय. पोस्ट लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

आधी हे यंत्र काय आहे ते समजून घेऊ. याला हार्मनी प्लगइन म्हणतात. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम. एका गळ्याचे चार गळे करून देतो. गाणाऱ्याचा सूर तो क्षणाक्षणाला मोजतो आणि त्याच आवाजाच्या नकला दुसऱ्या सुरांवर नेऊन ठेवतो. तुम्ही सा लावला तर एक नक्कल ग वर, एक प वर. नुसता सूर वर सरकवला तर कार्टूनमधल्या उंदरासारखा आवाज येतो, म्हणून गळ्याची आणि तोंडाच्या पोकळीची ठेवण जशीच्या तशी धरून ठेवावी लागते. मग प्रत्येक नक्कल काही मिलिसेकंद मागंपुढं करतात, सूर किंचित हलवतात. का? तर चार माणसं कधीच एका ठोक्यात तोंड उघडत नाहीत. म्हणजे गंमत बघा, माणसाचा कच्चेपणा मुद्दाम आत घालावा लागतो, तेव्हा कुठं ते माणसांसारखं वाटतं.

हुशारीचं काम आहे, नाही म्हणत नाही. 1997 मध्ये बाजारात आलेलं ऑटोट्यून ज्यानं बनवलं, तो अँडी हिल्डेब्रँड आधी जमिनीतून परत येणाऱ्या लहरी मोजून तेल शोधायचं गणित करायचा. तेच गणित त्यानं गळ्याला लावलं. आणि आपल्याला हे लांबचं वाटायचं कारण नाही. खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आकाशाकडं तोंड करून उभ्या आहेत. तिथं आकाशातून येणाऱ्या लहरी वेगवेगळ्या करून वाचायचं जे गणित चालतं, त्याच कुळातलं गणित सूर ओळखायला लागतं. आपल्या शाळांची पोरं 28 फेब्रुवारीला तिथं प्रदर्शनाला जातात. त्यातल्याच कुणी उद्या असा प्लगइन बनवला तर पहिला फेटा मी बांधीन.

त्यामुळं "हा यंत्राच्या विरोधात आहे" असलं काही कमेंटमध्ये लिहू नका. यंत्रावर बंदी घालणाऱ्यांचं काय होतं ते आपण पाहिलंय. आकाशवाणीनं 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली, कारण काय तर पेटीला आपले सूर येत नाहीत. 1971 पर्यंत ती बंदी चालली. तोवर गावोगावच्या भजनी मंडळांनी पेटी सोडली का? नाही सोडली. पण एक फरक ध्यानात घ्या. पेटी आली तेव्हा तिच्यामागं पेटीवाला बसला. यंत्रानं एका माणसाला काम दिलं. इथं यंत्र आणायचंय ते माणसं कमी करायला. दोन्ही गोष्टी एका मापानं मोजू नका.

आता मुद्द्यावर येतो. झील म्हणजे काय हेच या शहाण्यांना ठाऊक नाही.

शाहीर ओळ टाकतो. तिचं शेपूट झीलकरी उचलतो, ताणतो, "जी जी" करत वर नेतो. तेवढ्यात शाहीर श्वास घेतो, पुढची ओळ मनात जुळवतो, समोरच्या गर्दीवर नजर फिरवतो. गर्दी रंगली असेल तर झीलकरी झील लांबवतो, थंड असेल तर आटोपती घेतो. शाहिराचा घसा बसला असेल तर निम्मी ओळ स्वतःच्या अंगावर घेतो. हातात तुणतुणं नाहीतर झांज, आणि नजर शाहिराच्या मानेवर. ती सोबत असते. तिला कोरस म्हणून चालत नाही.

आणि प्लगइन काय करतो? गाणारा गात असतो तेव्हाच त्याच्या नकला काढतो. गाणारा थांबला की प्लगइनही गप्प! झील तर नेमकी शाहीर थांबतो तेव्हा लागते. ज्या वेळी माणूस हवा, नेमकं त्याच वेळी यंत्र मुकं. एवढी साधी गोष्ट लॅपटॉप घ्या म्हणणाऱ्यांच्या डोक्यात आली नाही.

दुसरी गोष्ट. हे प्लगइन बहुतेक पाश्चात्य संगीताच्या हिशोबानं बांधलेले. मेजर-मायनर निवडा आणि गा. आपल्याकडं शेवटी भैरवी होते. मायनर लावून भैरवी गायलात, तर मागच्या नकला जिथं रे वर जातील तिथं शुद्ध रे वर जाऊन बसतील. भैरवीत कोमल रे लागतो. ज्याला कान आहे त्याच्या पोटात गोळा येईल. हे दुरुस्त करता येतं, त्यात अवघड काही नाही. पण दुरुस्त करणाऱ्यानं भैरवी ऐकलेली पाहिजे.

"मग झील आधीच रेकॉर्ड करून ठेवू," असं उत्तर तयार असतं. बरं. कुणाची झील? इथंच खरी मेख आहे. नवी सॉफ्टवेअरं माणसांच्या रेकॉर्डिंगवर शिकवली जातात. तमाशा, भारूड, पोवाडा, गोंधळ, सगळं कुणी ना कुणी मोबाईलवर टिपून इंटरनेटवर टाकलेलं आहे. मागं उभ्या असलेल्या झीलकऱ्याला कुणी विचारलं नाही. उद्या त्याच्याच आवाजावर शिकलेलं सॉफ्टवेअर त्याच्याच जागी उभं करतील. बी आपल्या घरचं, आणि पाकिटात घालून आपल्यालाच विकायचं. शेतकऱ्याला हे वेगळं समजवायला नको.

कायदा काय म्हणतो? 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 च्या दुरुस्तीनं सादरकर्त्याचा हक्क आला, कलम 38. मुदत 50 वर्षं. सादरकर्ता कोण, याच्या व्याख्येत गायक आहे, वादक आहे, जादूगार आणि गारुडीसुद्धा आहे. मग झीलकरी त्यात नाही असं कोण म्हणेल? 2012 च्या दुरुस्तीनं धंद्यासाठी होणाऱ्या वापरातला वाटा आणि नाव लावून घ्यायचा हक्कही दिला. जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंगच्या आवाजाची एआयनं नक्कल करणाऱ्यांना मनाई केली. त्याच वर्षी ए. आर. रहमाननं 'लाल सलाम' सिनेमात दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयनं वापरले, पण घरच्यांची परवानगी घेऊन आणि मोबदला देऊन, हे त्यानं जाहीर सांगितलं. म्हणजे नीट करायचं असेल तर वाट आहे. फक्त अरिजितकडं वकील आहे, झीलकऱ्याकडं पिशवी आणि परतीच्या एसटीचं तिकीट. त्याच्या बाजूनं गावानंच उभं राहायचं असतं.

"अहो, तमाशालाच माणसं येईनात, झीलकरी काय घेऊन बसलात?" हेही ऐकायला मिळतं. मग डीजेच्या भिंतीला पैसे कुठून येतात? फ्लेक्सला, फटाक्यांना कुठून येतात? कात्री लावायची वेळ आली की ती बरोबर मागच्या रांगेत उभ्या असलेल्या गरिबाच्या मानधनालाच कशी लागते? विठाबाई नारायणगावकरांचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला, 1957 ला आणि 1990 ला. तरी उतारवयात पैशाची ओढाताण चुकली नाही. आज त्यांच्या नावानं सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं आणि आपण अभिमानानं फोटो टाकतो. विठाबाईंची ही गत, तर त्यांच्या मागं उभं राहून झील ओढणाऱ्यांना कोण विचारतो?

नुसता राग काढून उपयोग नाही, म्हणून तीन मागण्या करतो.

एक, यात्रा कमिट्यांनी सुपारीच्या कागदावर लिहून घ्यावं: स्टेजवर जिवंत गाणारे-वाजवणारे किती, आणि रेकॉर्ड केलेलं काय वाजणार. वर्गणी लोकांची आहे, लोकांना कळू द्या.

दोन, कुणी प्लगइन किंवा एआय बनवत असेल तर झीलकऱ्यांना सोबत बसवून बनवावं. मराठीत लिहिलेला, वाचून दाखवलेला करार, रेकॉर्डिंगचे पैसे वेगळे, विक्रीतला वाटा वेगळा, आणि सॉफ्टवेअरमध्ये त्यांची नावं. असा झीलचा प्लगइन निघाला तर जगात कुठंही नसेल अशी वस्तू होईल, आणि ती आपल्या तालुक्याची असेल.

तीन, मोबाईलवर कार्यक्रम टिपून टाकणाऱ्यांनो, आधी विचारा. आणि खाली फक्त मुख्य कलाकाराचं नाव नको, झीलकऱ्यांचंही लिहा. त्याला पैसा लागत नाही.

पटलं असेल तर आपापल्या यात्रा कमिटीच्या ग्रुपवर टाका. पटलं नसेल तर कमेंटमध्ये भांडा, मी इथंच आहे. फक्त भांडायच्या आधी एकदा शाहिराच्या मागं उभं राहून तासभर झील धरून बघा. मग बोलू.

– पिंपळवंडी, ता. जुन्नर

#झीलकरी #यात्रा #लोककला #जुन्नर_आंबेगाव