शिट्टीच्या मागचं शिक्षण

मुलगी म्हणाली, "मला आरोग्य आणि शारीरिक शिक्षण शिकायचंय," की आपल्याकडे पहिलं उत्तर ठरलेलं असतं. "शिट्टी वाजवायला कॉलेज कशाला लागतं? उन्हात काळी पडशील, मग स्थळं कोण आणणार?"

मैत्रिणींनो, नुसत्या शिट्टीचं हे शिक्षण नाही. शरीररचना, आहार, दुखापतीवरचे प्रथमोपचार, खेळाचं मानसशास्त्र हे सगळं त्यात येतं. आणि गरज म्हणाल, तर आपल्याच गावच्या शाळेत बघा. पाळी सुरू झाली की कितीतरी मुली मैदानाच्या कडेला बसू लागतात. पोटात दुखतंय हे त्या सरांना कशा सांगणार? तिथं बाईच हवी, तीही शिकलेली. तेव्हा मुलीला अडवू नका. अडवायची असेल तर घाईघाईत भरली जाणारी फी अडवा.

कारण खासगी विद्यापीठाची रंगीत माहितीपुस्तिका, चकाचक जिम आणि हिरवंगार मैदान बघून आपण भुलतो. विद्यापीठाला पदवी द्यायचा अधिकार असला, तरी तेवढ्यानं भागत नाही. शाळेत शारीरिक शिक्षणाची शिक्षिका व्हायचं तर बी.पी.एड.सारख्या अभ्यासक्रमाला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची, म्हणजे एनसीटीईची मान्यता लागते. ती नसेल, तर ते प्रमाणपत्र सरकारी वा अनुदानित शाळेतल्या नोकरीला ग्राह्य नाही, असं परिषदेचा १९९३ चा कायदाच सांगतो.

नावातही गोम असते. बारावीनंतरची शारीरिक शिक्षणातली तीन वर्षांची बी.ए. किंवा बी.एस्सी. म्हणजे बी.पी.एड. नव्हे. परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनं बी.पी.एड. हा पदवीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला. तीन वर्षं पैसे भरल्यावर "आता बी.पी.एड. करा" असं कळलं, तर दुसऱ्यांदा पैसे कुठून आणायचे?

पैशांचीच आणखी एक गोष्ट. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ केली. पण त्याच निर्णयात खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळली आहेत. "मुलींना आता सगळं फुकट असतं," या ऐकीव गोष्टीवर विसंबून तिथं प्रवेश घ्याल, तर दागिने गहाण ठेवायची वेळ येईल.

म्हणून प्रवेशाला मुलीबरोबर स्वतः जा. परिषदेच्या मान्यतेचा आदेश मागा. त्यात कोणत्या अभ्यासक्रमाला आणि किती जागांना मान्यता आहे, ते वाचा. वसतिगृह, खाणावळ, गणवेश धरून दोन वर्षांचा पूर्ण खर्च लिहून घ्या. नुसतं "काळजी करू नका ताई, होईल सगळं," असं तोंडी उत्तर मिळालं, तर पर्स बंद करून सरळ उठा. मान्यताप्राप्त दुसरं कॉलेज शोधता येतं. मुलीची गेलेली वर्षं मात्र कुठलंच विद्यापीठ परत देत नाही.