दोन सेकंदांचा धीर

परमेश्वराने माणसाला पाय दोन दिले आणि मोटार करणाऱ्याने पेडल तीन दिली. हिशेबातली ही चूक सपाट रस्त्यावर कोणाच्या ध्यानात येत नाही. ती ध्यानात येते चढावर. डावा पाय क्लचवर असतो, उजवा ब्रेकवर, पुढची एस. टी. हलते, मागचा ट्रक भोंगा वाजवतो आणि उजव्या पायाला ब्रेक सोडून ॲक्सिलरेटर गाठावा लागतो. अंतर वीतभर, पण तेवढ्या अवधीत गाडीला कोणी वाली उरत नाही आणि ती आपली मुकाट्याने मागे निघते. वामनाला तिसरे पाऊल ठेवायला निदान बळीचे मस्तक तरी मिळाले होते. घाटात अडकलेल्या मध्यमवर्गीयाला तेही नाही!

तुम्ही म्हणाल, मग हँडब्रेक कशासाठी असतो? रास्त आहे. हँडब्रेक ओढावा, पहिला गिअर टाकावा, क्लच हळूहळू वर आणावा आणि गाडी पुढे ओढ घेऊ लागली की हँडब्रेक सोडावा. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हे आम्हां सर्वांना शिकवलेले आहे. पण व्याकरणही आम्हां सर्वांना शिकवलेले असते. भांडताना कर्तरी-कर्मणी कोण आठवत बसतो?

यंदाच्या गुढीपाडव्याला आम्ही नवी गाडी घेतली. गाडी लहानच. गिअर आपोआप बदलणारी घ्यावी असे मनात होते, पण तिची किंमत आणि प्राध्यापकाची पासबुके यांचे काही केल्या जुळेना. तेव्हा गिअर हातानेच टाकायचे ठरले. शोरूममधला तरुण मात्र मोठ्या अभिमानाने म्हणाला, “सर, हिच्यात हिल होल्ड आहे!” मराठी शिकवणाऱ्याची खोड, मी लगेच प्रतिशब्द शोधू लागलो. ‘चढरोधक’ म्हणून पाहिले, ‘घाटधीर’ म्हणून पाहिले. शेवटी कन्या म्हणाली, “बाबा, हिल होल्डच म्हणा. गाडीला कळायला हवं ना!”

युक्ती मोठी गमतीची आहे. रस्त्याचा कल ओळखणारा एक सेन्सर गाडीत असतो. चढावर गाडी पूर्ण थांबली आणि मग तुम्ही ब्रेकवरचा पाय उचललात, तरी ब्रेकच्या नळ्यांतला तेलाचा दाब ही यंत्रणा सुमारे दोन सेकंद तसाच धरून ठेवते. तेवढ्यात पाय ॲक्सिलरेटरवर पोचतो, क्लच पकड घेतो, इंजिनाचा जोर पुरेसा झाला की ब्रेक आपोआप सुटतो. त्या दोन सेकंदांत तुम्ही काहीच केले नाही, तर मात्र तिची जबाबदारी संपली. म्हणून हँडब्रेकला ती पर्याय नव्हे. कल्पनाही आजची नाही. अमेरिकेतल्या स्टुडबेकर कंपनीने १९३६ साली आपल्या गाडीत अशी सोय केली होती. क्लच दाबलेला असेपर्यंत ब्रेकचा दाब अडवून धरायचा, एवढेच त्या जुन्या युक्तीचे काम. तिच्यात एक गोळी असे. गाडीचे नाक वर झाले की ती घरंगळत मागे जाई आणि तेलाची वाट अडवून बसे.

हे सारे मी घरी येऊन हिला समजावून सांगितले, त्याला एक कारण होते.

२०१८ सालच्या मे महिन्यात आम्ही पाचगणीला निघालो होतो. वाई सोडून पसरणीचा घाट लागला. गाडी ही चालवत होती. शिकून वर्षही झाले नव्हते. एका वळणावर पुढची एस. टी. थांबली, आम्ही थांबलो. एस. टी. निघाली तेव्हा आमची गाडी दीड हात मागे सरकली आणि बंद पडली. हिने पुन्हा चालू केली. पुन्हा बंद पडली. मागे भोंग्यांची आरती सुरू झाली. आणि मी ओरडलो, “तुला जमायचं नाही! ऊठ तिथून!” मागे नऊ वर्षांची मुलगी बसली होती. ही एक शब्द न बोलता उतरली आणि वळसा घालून माझ्या जागी येऊन बसली. मी चक्र हाती घेतले. आणि हे लिहिताना आजही मान खाली जाते, पहिल्या खेपेला मीही गाडी बंद पाडली. त्यावर ही काहीसुद्धा बोलली नाही.

त्यानंतर हिने किल्लीला हात लावला नाही. भर पावसात रिक्षाची वाट पाहत उभी राही, पण बँकेत गाडी नेत नसे. मी आपला समजत होतो, ही चढाला घाबरली.

म्हणून नव्या गाडीचे सारे गुण सांगून झाल्यावर मी विजयी मुद्रेने म्हणालो, “आता तू खुशाल चालव. गाडी मागे जायचीच नाही!”

ही मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “अहो, मी चढाला कधी घाबरले होते? मला भीती वाटते ती शेजारच्या सीटची. तिथं काही बसवलंय का या लोकांनी?”

मेथीची एक जुडी संपेपर्यंत मला उत्तर सुचले नाही.

पुढच्या रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या तळघरातून वर येणाऱ्या चढावर सराव सुरू झाला. पहिल्या खेपेला हिचा क्लच उशिरा उचलला गेला. दोन सेकंद संपले, गाडी वीतभर मागे गेली. सवयीने माझे तोंड उघडले होते, एवढ्यात मागून कन्येचा हात खांद्यावर आला. “बाबा, दोन सेकंद!” मी तोंड मिटले. हिने ब्रेक दाबला, श्वास घेतला, पुन्हा प्रयत्न केला. गाडी जागची हलली नाही. मग हलली ती पुढेच.

खरे सांगतो, ते दोन सेकंद फार लांब असतात. वर्गात मी प्रश्न विचारतो आणि कोपऱ्यातला एखादा मुलगा अर्धवट उठतो न उठतो तोच उत्तर मीच देऊन मोकळा होतो. वीस वर्षांत असे किती जण पुन्हा खाली बसले असतील!

येत्या पाडव्याला ही ओवाळील तेव्हा तबकात काय टाकावे, हा दरवर्षीचाच प्रश्न आहे. गाडीची किल्ली टाकावी म्हटले, तर ती केव्हाच हिच्या पर्समध्ये जाऊन बसली आहे. फराळ आटोपून सिंहगडावर जायचे ठरले आहे. गाडी अर्थात ही चालवणार. सर्वांच्या सुखासाठी बाबांनी मागे बसावे, अशी कन्येची सूचना आहे. पण मी शेजारीच बसणार. मलाही सराव हवाच की!