रद्दीत घालण्याआधी शेवटचं पान बघा

गेल्या आठवड्यात आमच्या गावच्या वाचनालयात निर्लेखनाची यादी लागली. म्हणजे फाटकी, कुणी नेत नाही अशी पुस्तकं काढून टाकायची. त्यात इथल्याच एका मास्तरांचा ओव्यांचा संग्रह दिसला, इथल्याच छापखान्यात छापलेला. शेरा होता, ‘दुबार प्रत’. दोन प्रती आहेत, चांगली ठेवायची, फाटकी रद्दीत. मी दोन्ही मागून घेतल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी उघडल्या.

आवृत्ती कितवी, हे एकीवरही नाही. दोन्हींत प्रस्तावना तीच, खाली शके १८६०. त्यात ७८ मिळवले की १९३८. पण प्रस्तावना जुन्या तारखेसकट पुन्हा छापतात, तिच्यावर विसंबू नये. किंमत दोन्हीकडे आण्यांत, म्हणजे १९५७ च्या आधीची. पानामागून बोट फिरवलं तर खिळ्यांचा दाब दोन्हीकडे लागतो.

मग ओळखायचं कसं? छोट्या छापखान्यात टाइप मोजका. फॉर्म छापून झाला की खिळे सोडून परत खणांत टाकायचे आणि पुढचं काम घ्यायचं. त्यामुळे पुन्हा छापायचं तर सगळी जुळणी नव्यानं. प्रस्तावनेच्या ओळी दोन प्रतींत वेगवेगळ्या शब्दांवर तुटतात, तेव्हाच कळलं की या दुबार नाहीत. फाटक्या प्रतीच्या शेवटी सात चुकांचं शुद्धिपत्र आहे. चांगल्या प्रतीत त्या सातही चुका दुरुस्त आहेत. म्हणजे आधीची कोणती ते सांगायला नको!

आणि फाटकीच्या शेवटच्या पानावर आश्रयदात्यांची यादी आहे. कासार, शिंपी, दोन शिक्षक, एक विधवा बाई. आठ-आठ आणे आगाऊ देऊन यांनी हे पुस्तक उभं केलं. दुसऱ्या छपाईत ते पान गाळलंय. आपण ती प्रत रद्दीत घालणार होतो.

१८६७ च्या कायद्यानं पुस्तकावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण टाकणं सक्तीचं होतं. आवृत्ती कितवी, प्रती किती, याची सरकारदरबारी नोंद व्हायची. तो कायदा आता गेला. त्याच्या जागी आलेला २०२३ चा कायदा नियतकालिकांपुरता आहे. पुस्तकाची साक्ष आता पुस्तकानंच द्यायची, आणि ती बहुतेकदा पहिल्या-शेवटच्या पानांवरच असते. नेमकी तीच पानं आधी सुटतात, नाहीतर बाइंडिंगच्या वेळी फेकली जातात.

ग्रंथपालांना दोष देत नाही. जागा कमी, माणसं कमी, हे मलाही दिसतं. मागणी एवढीच आहे: गावात छापलेलं जुनं पुस्तक ‘दुबार’ म्हणून काढण्याआधी दोन्ही प्रती शेजारी ठेवून दहा मिनिटं बघा. वेळ नसेल तर आम्हाला बोलवा, आम्ही येऊन बसतो.

ती प्रत सध्या कपाटात परत गेली आहे. यादीत अजून बरीच नावं आहेत. रविवारी सकाळी कोण येतंय?