शेवटच्या डीसीचा आवाज

एक छोटीशी टेस्ट. आज सकाळी ज्या लोकलनं ऑफिसला गेलात, तिचा नंबर काय होता? टायमिंग नाही विचारलं हं, ते तर आपल्याला झोपेतही पाठ असतं. डब्यावर रंगवलेला नंबर. गाडी सीमेन्सची होती की बॉम्बार्डियरची? नाही ना माहीत? डोन्ट वरी, तुम्ही नॉर्मल आहात.

पण या शहरात काही मंडळी अशी आहेत ज्यांना हे सगळं माहीत असतं. रविवारी सकाळी आपण पांघरुणात गुरफटून पडलेलो असतो, तेव्हा ही मंडळी प्लॅटफॉर्मच्या अगदी टोकाला, जिथे पब्लिक फिरकत नाही तिथे, कॅमेरा घेऊन उभी असतात. कोणी आयटीतला, कोणी सीए, कोणी अजून कॉलेजात. यांना रेलफॅन म्हणतात. आई-बाबा यांना काय म्हणतात ते छापण्यासारखं नाही.

या जमातीची खरी कसोटी लागली ती डीसी लोकल जायच्या वेळी. थोडी हिस्ट्री सांगते, बोअर नाही करणार. देशातली पहिली विजेवरची गाडी धावली ३ फेब्रुवारी १९२५ ला, तेव्हाच्या व्हीटीपासून कुर्ल्यापर्यंत, हार्बर मार्गानं. वायरमध्ये १५०० व्होल्ट डीसी, म्हणजे डायरेक्ट करंट. पुढे उरलेला देश २५ हजार व्होल्टच्या एसीवर गेला आणि मुंबई मात्र डीसीला चिकटून बसली. डीसीला थोड्या थोड्या अंतरावर सबस्टेशन लागतं, वायर जाडजूड लागते, आणि गाड्यांचा वेग ८० किलोमीटरच्या पुढे जाईना. म्हणून बदल ठरला. चालू लाईनवर, रोजचे लाखो प्रवासी सांभाळून, रात्रीच्या ब्लॉकमध्ये तुकड्या-तुकड्यानं काम चाललं. पूल उंच केले, कुठे रूळ खाली घेतले. सँडहर्स्ट रोडचा हँकॉक पूल तर जानेवारी २०१६ मध्ये पाडूनच टाकला. पश्चिम रेल्वे २०१२ मध्ये पूर्ण एसीवर गेली, मध्यची मेन लाईन २०१५ मध्ये. शेवटी उरली हार्बर. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री कुर्ल्याहून सीएसटीला शेवटची डीसी लोकल गेली. जिथे सुरुवात झाली त्याच दोन टोकांमध्ये, ९१ वर्षांनी.

त्याआधीची काही वर्षं रेलफॅन मंडळींची नुसती धावपळ. कुठला रेक अजून चालतोय, कुठला कारशेडमधून बाहेर येणारच नाही, याच्या याद्या. जेसपचे डबे वेगळे, पेरांबूरच्या कारखान्यातले वेगळे, मोटरमनच्या केबिनच्या काचेवरून ओळखायचे. फोटो काढताना ‘ओ भाऊ, कॅमेरा आत’ हे ऐकून घ्यायचं, पुन्हा पुढच्या रविवारी हजर. पगार नाही, प्रसिद्धी नाही. आज त्या गाड्यांचं जे काही रेकॉर्ड आपल्यापाशी आहे, त्यातलं बरंचसं या हौशी लोकांमुळे आहे.

म्हणजे काम फत्ते? मलाही तसंच वाटायचं. मग मी आरोंद्याला गेले.

आरोंदा म्हणजे सावंतवाडी तालुक्याचं दक्षिण टोक. तेरेखोलची खाडी, पलीकडे गोवा. इथल्या घराघरात एक तरी माणूस मुंबईला नोकरी करून परत आलेला. आमच्या शेजारच्या वाडीतले एक आजोबा असेच, उमेदीची सगळी वर्षं कुर्ला कारशेडमध्ये काढून निवृत्त झालेले. मी मोठ्या उत्साहानं त्यांना लॅपटॉपवर जुन्या डीसी गाड्यांचे फोटो दाखवले. पिवळी-तपकिरी गाडी, पावसातली, धुक्यातली, एकदम कडक फ्रेम. आजोबांनी शांतपणे सगळे बघितले आणि म्हणाले, “फोटो बरे आसत. पण आवाज घेतलंस काय तेचो?”

मग ते सुरू झाले. जुनी गाडी सुटताना एकदम नाही सुटायची, हिसके देत सुटायची. मोटरला जाणारी वीज पायरी-पायरीनं वाढायची, प्रत्येक पायरीला एक हिसका. उभ्या माणसाचा हात आपोआप वरच्या कडीकडे जायचा. कॉम्प्रेसर मधेच धडधडायला लागायचा. नव्या गाडीत हे काम इलेक्ट्रॉनिक्स करतं, म्हणून ती गुळगुळीत सुटते आणि ब्रेक मारला की थोडी वीज वायरला परतही देते. “गाडी डोळ्यांनी नाय, कानान वळखूची लागता,” आजोबा म्हणाले. कुठल्या डब्याच्या मोटरचं दुखतंय ते गाडी शेडमध्ये शिरतानाच यांना कळायचं. हे ज्ञान कुठल्याही मॅन्युअलमध्ये नव्हतं. उस्तादाकडून शागिर्दाकडे गेलं, आणि गाड्याच गेल्यावर शागिर्द थांबले.

माझ्या डोक्यात तिथे लाईट पेटला. आपण गाड्यांचे हजारो फोटो जमवले, पण त्या चालवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या किती माणसांशी बोललो? त्यातली कित्येक आज कोकणात, घाटावर आपापल्या गावी बसलीयत, सत्तरीच्या पुढे. आणि यांना विचारायला कोणी येत नाही.

दुसरी गॅप मला बाई म्हणून दिसते. प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभे असतात ते बहुतेक सगळे मुलगे. त्यामुळे गाडीचं थोबाड सगळ्या बाजूंनी टिपलं गेलं, पण लेडीज डबा? तिथली भाजी निवडणं, क्लिपवाल्या बायका, फोर्थ सीटची भांडणं? ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली, तेव्हाच्या त्या डब्यांचं आतून काय रेकॉर्ड आहे? पुढे अनुश्री फडणवीस या फोटोजर्नलिस्टनं आपल्या रोजच्या प्रवासात मोबाईलवर लेडीज डबा टिपला, ‘ट्रेन डायरीज’ म्हणून तो गाजला. तिला त्यासाठी वेगळी परवानगी किंवा भारी लेन्स लागली नाही. फक्त पास लागला.

जगात हे सगळीकडे चालतं. कोलकाता मेट्रोनं २४ ऑक्टोबर २०२१ ला, म्हणजे बरोबर ३७ व्या वाढदिवशी, आपल्या शेवटच्या बिगर-एसी गाडीला समारंभानं निरोप दिला. न्यूयॉर्कमध्ये जानेवारी २०२२ मध्ये १९६० च्या दशकातल्या आर-३२ गाड्यांची शेवटची फेरी बघायला फॅन्सची झुंबड उडाली. त्याआधी त्यांच्या लाल ‘रेडबर्ड’ डब्यांचं तर भन्नाटच झालं. २००१ पासून ते डब्यांचे डबे अटलांटिकच्या तळाशी नेऊन टाकले, आता त्यात मासे राहतात. हसू नका, आपल्या सिंधुदुर्गातही निवती रॉक्सपाशी आयएनएस गुलदार या निवृत्त युद्धनौकेसाठी असाच बेत झाला आणि २०२५ मध्ये नौदलानं ती एमटीडीसीच्या हवाली केली. लोखंडाचं दुसरं आयुष्य असं ठरवता येतं. आवाजाचं आणि आठवणींचं नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई, ती खटारा गाडी गेली ते बरंच झालं, रडायचं काय त्यात? मान्य. हाच प्रश्न मी आजोबांना विचारला. वाटलं, जुन्या गाडीचं भरभरून कौतुक करतील. उघड्या दारातला वारा वगैरे. ते एकदम गप्प झाले. “दारांचा माका इचारू नको, बाय,” एवढंच बोलले. अपघात झालेली गाडी शेवटी शेडमध्येच येते, हे मला थोड्या वेळानं कळलं.

मुंबईच्या लोकल मार्गांवर २०२३ या एका वर्षात अडीच हजारांवर माणसं गेली. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर बाजूबाजूनं जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारातून माणसं पडली, तेव्हा रेल्वेनं जाहीर केलं की यापुढे नव्या लोकल बंद होणाऱ्या दारांच्याच असतील. २३८ एसी गाड्यांचा बेत आहेच. म्हणजे ज्या गाडीतून आपण रोज लटकत जातो, ती उघड्या दाराची लोकल आता डीसीच्याच वाटेवर आहे. २००७ मध्ये आलेल्या पांढऱ्या-जांभळ्या सीमेन्सचं २५ वर्षांचं आयुष्यही २०३२ ला भरतं. तिनं जायलाच हवं. पण ती जाताना तिच्याबद्दल खरं काय ते लिहून ठेवायला हवं, वाऱ्यासकट आणि त्या अडीच हजारांसकट. नाहीतर वीस वर्षांनी उरतील फक्त सूर्यास्ताचे सुंदर फोटो.

तर या वीकेंडला एक करा. आपल्या रोजच्या गाडीत मोबाईलचा रेकॉर्डर पाच मिनिटं चालू ठेवा. डब्याचा नंबर, तारीख, स्टेशन लिहून ठेवा. रोजच्या ग्रुपमधल्या मावशींना विचारा, तुम्ही पहिल्यांदा कधी चढलात? आणि गावी कोणी काका-आजोबा रेल्वेतून निवृत्त झालेले असतील, तर पुढच्या गणपतीत आरती झाल्यावर त्यांच्याजवळ बसा. मी बसणार आहे. या वेळी फोटो दाखवायला नाही, आवाज घ्यायला.