दाद मागावी कोठे?

नागरिकांच्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी जो कायदा संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये संमत केला, त्याची नियमावली निघण्यास नोव्हेंबर २०२५ उजाडावा लागला; आणि ती निघाल्यावरही, ज्या कलमांकडे सामान्य ग्राहक आशेने पाहतो त्या कलमांचा अंमल सध्याच्या अधिसूचनेप्रमाणे आणखी अठरा महिने, म्हणजे मे २०२७ पर्यंत, लांबणीवर टाकण्यात आला आहे. एवढा दीर्घ काळ प्रतीक्षा केल्यावर हाती येणारा कायदा निदान परिपूर्ण असावा, ही अपेक्षा अवाजवी नव्हे. ती पुरी झालेली नाही, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते.

ठाण्यातील खोपटच्या एसटी आगाराभोवतीच्या वस्तीत राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाचा साधा दिनक्रम पाहिला, तरी या विषयाची व्याप्ती ध्यानात येते. औषधाच्या दुकानात बिलाआधी मोबाइल क्रमांक विचारला जातो. गृहनिर्माण संस्थेच्या फाटकावर येणाऱ्याजाणाऱ्याचे नाव आणि वेळ वहीत किंवा अ‍ॅपवर नोंदली जाते. दाखल्यासाठी, कर्जासाठी, सिमकार्डासाठी आधारकार्डाची झेरॉक्स दिली जाते आणि ती पुढे कोणाच्या दप्तरात किती वर्षे पडून राहते हे देणाऱ्यास कधीच कळत नाही. यांतील एकेक नोंद सुटी पाहिली तर क्षुल्लक वाटते. परंतु त्या सर्व एका हाती आल्या, म्हणजे त्या घरातील आजार, मिळकत, देणी आणि घर केव्हा रिकामे असते इथपर्यंतचा वृत्तान्त परक्या माणसापुढे उलगडतो.

हे भय काल्पनिक नाही, याची साक्ष ठाणे जिल्ह्याइतकी स्पष्टपणे दुसरे फार थोडे जिल्हे देऊ शकतील. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा येथे बसून अमेरिकेतील नागरिकांना करखात्याचे अधिकारी असल्याच्या बतावणीने धमकावले जात होते, हे उघडकीस आले; आणि अमेरिकेच्या न्यायखात्याने त्याच महिन्यात ठेवलेल्या आरोपांप्रमाणे, सावज हेरण्यासाठी माहितीच्या दलालांकडून मिळविलेल्या तपशिलाचा उपयोग केला जात होता. पुढे २०१८ च्या आरंभी ठाणे गुन्हे शाखेने मोबाइल संभाषणांच्या नोंदी, ज्यांना पोलिसी भाषेत ‘सीडीआर’ म्हणतात, बेकायदा मिळवून विकल्याच्या आरोपावरून खाजगी गुप्तहेरांना अटक केली. कोण कोणाशी केव्हा आणि किती वेळ बोलले, एवढीच ती नोंद. पण घटस्फोटाच्या दाव्यात किंवा धंद्यातील वैरात तिला गिऱ्हाईक मिळते. एका प्रकरणात फसवले गेले ते सातासमुद्रांपलीकडचे लोक होते आणि दुसऱ्यात आपल्याच देशातील. माहितीचा बाजार मात्र दोन्हीकडे एकच होता.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या समितीने पुढच्याच वर्षी मसुदा दिला, २०१९ चे विधेयक २०२२ मध्ये मागे घेण्यात आले, आणि अखेर आजचा कायदा आला. त्यात स्वागतार्ह पुष्कळ आहे. संमती मागणारी सूचना मराठीसह आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत मिळण्याचा पर्याय ग्राहकास आहे; दिलेली संमती जितक्या सुलभतेने दिली तितक्याच सुलभतेने परत घेता आली पाहिजे; माहितीस पाय फुटले तर संबंधित व्यक्तीस आणि या कायद्याखालील माहिती संरक्षण मंडळास विनाविलंब कळविणे आणि ७२ तासांत मंडळापुढे सविस्तर कैफियत मांडणे बंधनकारक आहे; आणि सुरक्षिततेत कसूर करणाऱ्या संस्थेस २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

परंतु हा दंड जमा होतो तो भारताच्या संचित निधीत. ज्याची माहिती विकली गेली, ज्याच्या खात्यातून पैसे गेले, त्या माणसास त्यातील एक रुपयाही मिळण्याची तजवीज या कायद्यात नाही. इतकेच नव्हे, तर माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या ज्या ४३-अ कलमाखाली निष्काळजी कंपनीकडून नुकसानभरपाई मागता येते, ते कलमच नवा कायदा पूर्णपणे लागू होताना रद्द होणार आहे. हा अधिनियम केवळ कागदावर राहिला होता असेही नाही: पुण्यातील एका उद्योजकाच्या खात्यातून फसवणुकीने रक्कम गेली, तेव्हा त्याने स्वतःच बनावट ई-मेलला उत्तर दिले असतानाही, राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांनी त्याच अधिनियमाखाली पंजाब नॅशनल बँकेस ४५ लाख रुपये देण्याचा हुकूम २०१३ साली दिला होता. नव्या व्यवस्थेत फिर्यादीस भरपाई नाही, आणि तक्रार खोटी वा निरर्थक ठरली तर मात्र त्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. ही विषमता आम्हांस अन्यायाची वाटते.

अंमलाचा क्रमही असाच चिंताजनक आहे. नागरिकाचे हक्क सांगणारी कलमे मे २०२७ ची वाट पाहत असताना, माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील, वैयक्तिक माहिती नाकारण्याची मुभा देणाऱ्या कलम ८(१)(ज) मधील सार्वजनिक हिताचा अपवाद काढून टाकणारी, याच कायद्याने केलेली दुरुस्ती मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये तत्काळ अमलात आली. केंद्राच्या आधी, २००२ सालीच, माहितीच्या अधिकाराचा स्वतःचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्रास ही गोष्ट अधिक बोचली पाहिजे. कारण खाजगीपणाचे जे कवच दुर्बलासाठी मागितले होते, ते प्रथम कचेऱ्यांच्या अंगावर चढले. शासनयंत्रणांना अधिसूचनेने या कायद्यातून सूट देण्याची सत्ता केंद्राने स्वतःकडे ठेवली आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे ही चिंता दुणावते.

तोवर ग्राहकाने हात बांधून बसण्याचे कारण नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसता दुसऱ्यास देणे, ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. मोबाइल क्रमांकासाठी अडवणूक करू नये, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये दुकानदारांस बजावले आहे. आणि दाद मागण्यास ठाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे, जेथे वकिलावाचूनही उभे राहता येते. अर्धशतकापूर्वी महाराष्ट्रात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी राहिली, तेव्हा वजनमाप आणि भेसळ हे तिचे विषय होते. आज त्याच निष्ठेने माहितीच्या गैरव्यवहाराची प्रकरणे तिने आयोगापुढे न्यावीत. आणि संसदेने मे २०२७ च्या आत या कायद्यात नुकसानभरपाईचे कलम घालावे, माहितीच्या अधिकारातील सार्वजनिक हिताचा अपवाद पूर्ववत करावा. ही मागणी लोकसभेत प्रथम मांडण्याचे कर्तव्य, मीरा रोडचे आणि सीडीआरचे प्रकरण ज्यांच्या जिल्ह्यात घडले त्या ठाणे आणि कल्याण येथील सदस्यांचे आहे.