एकाच पायाला सूज? चोळू नका!

बाळंतपणाला आठ-दहा दिवस झालेले असतात. एकच पाय सुजतो, पोटरी दुखू लागते. 'शीर आखडली असेल' म्हणून घरचे तेल लावून पाय चोळतात. सरकारी रुग्णालयात मी हे वर्षानुवर्षे ऐकतो आहे. यातल्या काही जणी आमच्यापर्यंत पोहोचतात, त्या दम लागल्यावरच.

रक्त गोठणे हा खरे तर शरीराचा बचाव आहे. बोट कापले की प्लेटलेट्स जखमेवर चिकटतात, फायब्रिनच्या धाग्यांचे जाळे विणले जाते आणि त्यात रक्तपेशी अडकून गुठळी होते. जखम भरली की शरीरच ती विरघळवते. हीच गुठळी जखम नसताना पायाच्या खोल शिरेत झाली, तर मात्र घात होतो. ती सुटून फुप्फुसात अडकली की मिनिटांत जीव जाऊ शकतो.

अशी गुठळी होण्याची तीन कारणे जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्खो यांच्या नावाने ओळखली जातात: रक्ताचा प्रवाह मंदावणे, शिरेच्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. पायातले रक्त वर ढकलण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. माणूस अंथरुणाला खिळला की हा पंप थंडावतो. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर साधारण सहा आठवडे रक्त लवकर गोठते. प्रसूतीत फार रक्त जाऊ नये म्हणून ही निसर्गाची सोय. त्यात सिझेरियन झाले आणि 'हलू नकोस' म्हणून बाळंतिणीला निजवून ठेवले, की धोका आणखी वाढतो. मांडीचे हाड मोडलेले आजोबा, कर्करोगाचे रुग्ण यांनाही तो असतोच.

म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली की रुग्णाला लवकर चालते करा. एकाच पायाला सूज आली तर पाय न चोळता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. डॉपलर सोनोग्राफीत गुठळी दिसते आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांनी ती वाढणे थांबते. अचानक दम लागला, छातीत दुखले, तर क्षणभरही थांबू नका.

जबाबदारी आमचीही आहे. दाखल होणाऱ्या प्रत्येक रुग्णाला गुठळीचा धोका किती, याची नोंद पहिल्याच दिवशी केसपेपरवर व्हायला हवी. १३ ऑक्टोबर हा फिर्खो यांचा जन्मदिवस जागतिक थ्रॉम्बोसिस दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी भिंतीवर पोस्टर लावण्यापेक्षा वॉर्डातली ही एक नोंद अधिक जीव वाचवेल.